काष्ठरक्षण आणि नवी राळ
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही वक्ते नव्हे. वाकस आणि रंधा धरणाऱ्यांपैकी आहोत. तेव्हा ज्या लाकडावर आपल्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला, त्याच्या रक्षणाविषयीच बोलणे आम्हांस शोभेल.

डहाणू आणि तलासरी हे शेजारचे तालुके. परंतु लाकडाचे वैरी जागोजागी निराळे. डहाणूच्या खाडीत होडीच्या तळास टेरेडो नावाचा प्राणी पोखरतो. त्यास किडा म्हणतात खरे, पण तो शिंपल्यांच्या जातीचा आहे. बाल्यावस्थेत तो टाचणीएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. तलासरीच्या आतल्या पाड्यांत घराच्या खांबांना वाळवी लागते. आणि चार महिन्यांच्या पावसात येणारी बुरशी तर दोहींकडे समान आहे.

आपले पूर्वज यावर उपाय जाणत नव्हते असे नाही. फळ्यांच्या सांध्यांत कापूस व राळ भरणे, तळास वरचेवर तेल चोळणे, खांबाच्या बुडास डांबर लावणे आणि खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करणे, हे सर्व काष्ठरक्षणच होय. राळ हे झाडाने दिलेले द्रव्य. आज तिच्या जागी रसायनशाळेतील राळ आली आहे. शास्त्रज्ञ तिला पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात. असंख्य सूक्ष्म कण साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत गुंतून ती घट्ट होते. १९०७ च्या सुमारास बेकलंड यांनी बेकेलाइट शोधून काढले, तेव्हा त्यांच्या प्रयत्नांत लाकडात कृत्रिम राळ मुरवून ते कठीण करण्याचाही एक प्रयत्न होता, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल.

ही राळ दोन प्रकारे वापरतात. एक, लाकडाच्या अंतरंगात मुरवून. बंद टाकीत लाकडातील हवा शोषून घ्यायची, मग दाबाने द्रव आत भरायचा आणि उष्णतेने तो घट्ट करायचा. स्वीडनचे वासा जहाज १६२८ साली बुडाले व १९६१ साली वर काढले. त्याच्या लाकडावर एका पॉलिमराचा द्रव सतरा वर्षे फवारण्यात आला. तो पाण्याची जागा घेत गेला म्हणून लाकूड वाळताना फाटले नाही. मात्र तो पाण्यात विरघळणारा असल्याने आपल्या होडीच्या कामाचा नव्हे.

दुसरा प्रकार लेपाचा. काचेच्या तंतूंचे कापड राळेत भिजवून तळावर बसवायचे. बंदरावर यालाच नुसते ‘फायबर’ म्हणतात. लेप अखंड आहे तोवर टेरेडोस आत वाट नाही. पण वाळूवर घासून एके ठिकाणी जरी तो फाटला, तरी तेवढे दार शत्रूस पुरते.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. एका वर्षी पावसाळा सरताच एका मच्छीमार बांधवाची होडी आमच्याकडे आली. हंगामाची घाई होती. फळ्या ओल्या होत्या, जुन्या तेलाने मुरलेल्या होत्या. तरीही आम्ही लेप चढविला. होडी आरशासारखी चकाकली. पुढच्या वर्षी लेपाला फोड आले. तो उचलताच खालच्या फळीत बोट रुतले. ओलावा आत कोंडला गेला आणि बुरशीस आयते घर मिळाले. मजुरी आम्ही परत केली. पण त्या कुटुंबाचा बुडालेला हंगाम आम्हांस परत करता आला नाही.

यातून शिकलो ते सांगतो. राळ लाकडाचे रक्षण करते, लाकूड सुधारीत नाही. लाकडात शेकडा २० हून अधिक ओलावा असेल तर बुरशी जगते. म्हणून लेपापूर्वी तो शेकडा १५ पर्यंत तरी उतरला पाहिजे. परीक्षा सोपी आहे. फळीचा तुकडा तोलावा, मंद आचेवर वाळवावा, वजन घटायचे थांबले की पुन्हा तोलावा. ओला ११५ ग्रॅम व सुका १०० ग्रॅम भरला, तर ओलावा शेकडा १५. तेलकट थर रंधून काढावा; तेलावर राळ धरत नाही. कुजका भाग लेपाखाली झाकू नये. खांबाची टोके प्रथम राळावीत, कारण पाणी तेथूनच अधिक शिरते. परंतु तळखडा सोडू नये. आणि तरुणांनो, राळेचा वास व घासलेल्या काचेची धूळ छातीस अपायकारक आहे. उघड्या जागी, नाकातोंडावर योग्य मुखवटा व डोळ्यांवर चष्मा लावूनच काम करा.

नव्या राळेमुळे सुताराची विद्या संपली, असे कोणी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. लाकूड ओले की सुके, निरोगी की पोखरलेले, हे डब्यातील द्रव्य सांगत नाही. ते फळीवर हातोडी वाजवून ऐकणारा कानच सांगतो. तो कान वडिलांनी आपणांस दिला. तो मुलांच्या स्वाधीन करावा आणि त्याच्या जोडीस नवे शास्त्र द्यावे, एवढी नम्र विनंती करून आपली रजा घेतो.