ढेकणांचा बंदोबस्त आणि शिक्षकाचे कर्तव्य



सकाळच्या पहिल्याच तासाला एखादे मूल वहीवर मान टाकून पेंगू लागते. हाताच्या कोपराशी किंवा मानेवर तीन-चार तांबड्या गांधी एका ओळीत उठलेल्या असतात. अशा मुलाला आळशी म्हणून रागावणे सोपे आहे. परंतु पुष्कळदा त्याची झोप रात्रीच कोणी तरी चोरून नेलेली असते. तो चोर म्हणजे ढेकूण. ज्या मुलाला झोप नाही, त्याच्या मनात पाढे आणि शुद्धलेखन कसे ठरावे? म्हणूनच हा विषय घरातला असला तरी तो शाळेबाहेरचा नाही.

केडगाव हे पूर्वी नगर शहराबाहेरचे गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. कामधंद्यासाठी येणारी कुटुंबे भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड करतात, खोली बदलतात, जुनी खाट किंवा कपाट विकत घेतात. पाथर्डी-शेवगावकडील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला आलेले पाहुणे नातलगांकडे मुक्काम करतात. ढेकणाला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. तो माणसाच्या सामानातून प्रवास करतो. ज्या घरात ये-जा आहे, त्या घरात तो शिरू शकतो. अस्वच्छता आणि अडगळ यांमुळे त्याला लपावयास जागा मिळते हे खरे. पण ढेकूण म्हणजे गरिबीची किंवा घाणेरडेपणाची खूण, ही समजूत खरी नव्हे. परदेशांतील महागड्या हॉटेलांतूनही तो आढळतो.

शत्रूचा स्वभाव कळल्याशिवाय त्याचा बंदोबस्त होत नाही. आपल्याकडील उष्ण हवेत आढळणाऱ्या ढेकणाचे शास्त्रीय नाव सायमेक्स हेमिप्टेरस; थंड प्रदेशातील त्याच्या भाईबंदाचे नाव सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर लांब, चपटा व तपकिरी असतो. माणसाच्या अंगाची ऊब आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांच्या अनुरोधाने तो रात्री बाहेर येतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि पुन्हा फटीत शिरतो. मादी आपल्या आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. ही अंडी जेमतेम १ मिलिमीटर लांबीची, पांढरी आणि लाकडाला चिकटलेली असतात. उबदार हवेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते व प्रत्येक वेळी त्याला रक्त लागते. एवढ्याने पाच-सहा आठवड्यांत ते प्रौढ होते. अन्नावाचून ढेकूण कित्येक महिने तग धरतो. म्हणून घराला कुलूप लावून गावी गेल्याने तो मरत नाही.

ढेकणाच्या चाव्याने माणसाला रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु खाज, खाजवून झालेल्या जखमा व त्यांत होणारा पू, आणि सततचे जागरण, एवढा त्रास लहान मुलाला पुरेसा आहे.

प्रथम शोध घ्यावा. खाटेचे सांधे, बाजेची वीण, गादीची शिवण, भिंतीच्या भेगा, तसबिरीची मागची बाजू आणि पेटीचे कोपरे विजेरीच्या उजेडात पाहावेत. शाईचे थेंब पडावेत तसे काळे ठिपके, टाकलेली कात आणि चादरीवरील रक्ताचे बारीक डाग या त्याच्या खुणा होत.

घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व गोधड्या व वाकळा धुण्याची आपली रीत आहे. ही रीत फार चांगली. तथापि तिच्यात दोन उणिवा राहतात. गार पाण्याने अंडी मरत नाहीत, आणि कापड धुतले जाते तेव्हा लाकूड व भिंत तशीच राहते. धुतलेली गोधडी पुन्हा त्याच खाटेवर पडली की सारे श्रम वाया जातात. म्हणून कपड्यांचे व खाटेचे काम एकाच दिवशी करावे. कपडे व पांघरुणे ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या पाण्यात भिजवून मग धुवावीत. बाज किंवा खाट अंगणात आणून तिच्या प्रत्येक सांध्यात उकळते पाणी ओतावे. हे काम मोठ्या माणसांनीच करावे, मुलांना दूर ठेवावे. भिंतीच्या भेगा लिंपून किंवा सिमेंटने बुजवाव्यात. खाट भिंतीपासून अंतरावर ठेवावी व पांघरूण जमिनीवर लोंबू देऊ नये.

नगर जिल्ह्याचे कडक ऊन हे फुकटचे साधन आहे. पण ते रीतीने वापरले पाहिजे. ४८ अंश उष्णतेत प्रौढ ढेकूण सुमारे २० मिनिटांत मरतो, अंड्यांना मात्र तासाहून अधिक वेळ लागतो. गादी नुसती उन्हात टाकली तर वरचा भाग तापतो आणि ढेकूण खालच्या सावलीत सरकतो. म्हणून अंथरुणे पातळ पसरावीत, उलटसुलट करावीत आणि झटकताना ती घरापासून दूर न्यावीत.

एवढे करूनही काही अंडी उरतातच. यास्तव आठ-दहा दिवसांनी हेच काम पुन्हा, आणि तितक्याच अंतराने तिसऱ्यांदा करावे. त्यानंतर दोन महिने लक्ष ठेवावे. पुष्कळ घरांत पहिल्या खेपेनंतर समाधान मानले जाते आणि महिन्याभरात ढेकूण परत येतात. त्यात ढेकणाचे कौतुक नाही, आपला कंटाळा आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.ने ढेकणांचा नायनाट होईल असे वाटले होते. परंतु १९४७ मध्येच हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या बराकींत डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळले. तेव्हापासून औषध जितके जालीम तितके बरे, ही समजूत माणसाला महाग पडत आली आहे. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. शेतातील फवारणीचे औषध अंथरुणावर कदापि शिंपडू नये. रॉकेल ओतू नये; त्याने आग लागते.

धान्यात ठेवावयाच्या गोळ्या तर घरात झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नयेत. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो, आणि त्याच्यावर उतारा नाही. ढेकूण मारण्यासाठी ठेवलेल्या अशा गोळ्यांनी झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात वारंवार आल्या आहेत. उलटी, चक्कर, छातीत दडपण अशी लक्षणे दिसताच माणसाला मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची गरजच भासली तर परवानाधारक कीटकनियंत्रकास बोलवावे आणि घराबाहेर किती तास राहावयाचे ते त्याला विचारून घ्यावे. पालकसभेत इतर काही सांगावयाचे राहिले तरी चालेल; ही सूचना राहता कामा नये.

पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि अग्निमुख नावाचा ढेकूण यांची कथा आहे. उतावळा ढेकूण राजाला झोपेपूर्वीच चावतो आणि खाटेच्या फटीत पळून जातो. सेवक शोध घेतात तेव्हा वस्त्रात राहिलेली ऊ सापडते आणि तीच मारली जाते. ही कथा वर्गात सांगितल्यास ढेकणाची लपण्याची सवय मुलांच्या चांगली ध्यानात राहील. शिक्षकाने मात्र तिच्यातून आणखी एक बोध घ्यावा: अपराधी फटीत राहतो आणि शिक्षा भलत्यालाच होते.

अंगावर गांधी असलेल्या मुलाला वर्गात उभे करणे, वेगळ्या बस्करावर बसवणे, इतरांना हसू देणे, हे तसेच होय. ढेकूण उवेसारखा अंगावर वस्ती करीत नाही. त्यामुळे मुलाला वेगळे बसवल्याने काही साधत नाही. उलट, लाजेमुळे घर गप्प बसते आणि गप्प घरात ढेकूण वाढतो. शिक्षकाने मुलाच्या आईवडिलांना एकांतात गाठावे, उपाय समजावून सांगावा आणि दहा दिवसांनी पुन्हा चौकशी करावी. वर्गात मात्र सर्वांना सारखेच शिकवावे: गणिताच्या तासाला अंड्यांचा हिशेब, विज्ञानाच्या तासाला किड्याचे जीवनचक्र.

दारिद्र्य, दुष्काळ आणि स्थलांतर दूर करणे एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. मुलाची रात्रीची झोप त्याला परत मिळवून देणे मात्र पुष्कळसे त्याच्या हातात आहे, आणि त्यासाठी उकळते पाणी, चिकाटी व थोडा मायेचा शब्द एवढेच भांडवल लागते.