पाणी अडवलं, पीक गेलं : दावा किती दिवसांत करावा?



पावसाळा आला की बांधाबांधावर एक तंटा हमखास उभा राहतो. वरच्या रानाचं पाणी पूर्वापार खालच्या रानातून ओढ्याला जात असतं. एखाद्या वर्षी खालचा शेजारी चर बुजवतो, नाही तर आडवा ताल घालतो. पाणी मागं तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, तूर जागच्या जागी वाळते. मग गावात बैठक बसते. शेजारी म्हणतो, "सुगी होऊ द्या, मग काढतो." आपणही गप्प बसतो. आणि तिकडं कायद्याची मुदत मात्र चालूच असते.

म्हणून आज मुदतीविषयी थोडं बोलणार आहे.

अशा तंट्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा जुना कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे, शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला आणि त्यामुळं शेजारच्या जमिनीचं, पिकाचं किंवा झाडांचं नुकसान झालं, अगर होण्याचा संभव असला, तर तो अडथळा काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. शेतावर जाण्याची वहिवाटीची वाट अडवली तरी हाच कायदा उपयोगी पडतो. मात्र अट एक आहे. अडथळा घातल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे.

हिशेब करून पाहा. समजा, १० जुलैला ताल घातला. तर १० जानेवारीच्या आत दावा तहसील कचेरीत दाखल व्हायला हवा. "संक्रांत झाली की जाऊ" म्हणालात, तर वेळ टळलीच म्हणून समजा.

आता प्रश्न येतो नुकसानभरपाईचा. तहसीलदार अडथळा काढायला लावतील, पुन्हा अडवू नये अशी ताकीदही देतील. पण बुडालेल्या पिकाचे पैसे मागायचे तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. पाण्याचा मार्ग किंवा वाट अडवणं, पाणी दुसरीकडं वळवणं, दुसऱ्याच्या जमिनीत बेकायदा शिरणं, यांबद्दलच्या भरपाईच्या दाव्याला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं ३ वर्षांची मुदत दिली आहे. अपिलाला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. दाव्याला तशी सवलत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि दावा सरकारी खात्यावर असेल, तर साधारणपणे आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याची तयारी लवकर करावी.

बऱ्याच जणांची समजूत असते की ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोलिसात तक्रार केली, म्हणजे मुदत थांबली. तसं नाही. पंचांपुढं बोलणी चालू असली तरी दिवस मोजले जातातच. समेट जरूर करा. शेजाऱ्याशी जन्माचं नातं असतं, ते तुटू नये. पण समेटाची बोलणी पाचव्या महिन्यापर्यंत सुटली नाहीत, तर दावा दाखल करून ठेवा. पुढं समजूत पटली तर दावा मिटवता येतो.

पाणी अडलं की लगेच ही कामं करावीत :

१. तारीख लिहून ठेवावी. अडथळा कोणत्या दिवशी घातला हे दाव्यात लिहावंच लागतं.

२. तुंबलेलं पाणी, ताल आणि पीक यांचे फोटो काढावेत. पाणी ओसरल्यावर पुरावा उरत नाही.

३. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, यांच्याकडं पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

४. सातबारा आणि गटाचा नकाशा काढून ठेवावा. पूर्वीपासून पाणी कुठून जात होतं हे सांगणारे दोन-तीन जाणते साक्षीदार पाहून ठेवावेत.

५. तहसीलमध्ये नुसता "चौकशी व्हावी" असा मोघम अर्ज देऊ नये. वर "मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५ खाली दावा" असं स्पष्ट लिहावं. दोन्ही पक्षांची नावं-पत्ते, अडथळ्याची जागा, तारीख, मागणी, कागद आणि साक्षीदारांची यादी त्यात असावी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं चौकशी करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथं मोफत वकील मिळू शकतो.

पीकविमा आणि सरकारी मदत यांच्या मुदती निराळ्या असतात. त्या दर हंगामात कृषी कार्यालयात विचाराव्यात.

मंडळी, पेरणीची वापशाची वेळ आपण कधी चुकवत नाही. दाव्याची वेळही तशीच सांभाळा. आज घरी गेल्यावर कॅलेंडरवर अडथळ्याची तारीख लिहा आणि तिथून पाच महिन्यांवर एक खूण करा.

रामराम.