शिवणीवरची चूक
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी कुणीतरी विचारलं, "तू सॉफ्टवेअरवाली, तुझा प्रकाशाच्या कणांशी काय संबंध?" संबंध एका चुकीचा आहे. तीच सांगते.

प्रकाशाचा एकच कण, म्हणजे फोटॉन, टिपणारं उपकरण असतं. चिपवर अतिवाहक पदार्थाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आणि त्यातून कोरलेली नागमोडी तार. ती उणे २७१ अंशांच्या आसपास थंड करायची आणि तिला झेपेल त्याच्या जेमतेम खाली वीज सोडायची. फोटॉन आदळला की तेवढ्यापुरतं अतिवाहकत्व मोडतं आणि विजेचा ठोका मिळतो. २००१ साली हे करून दाखवलं गेलं. तार शंभरेक नॅनोमीटर रुंद, त्यामुळे ती इलेक्ट्रॉनच्या झोताने कोरावी लागे. संथ आणि महाग काम. पुढे कळलं, मायक्रॉनभर रुंद तारही चालते. मग लेझर पुरतो. जर्मनीतल्या पाडेरबोर्न विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये असे लेझरने लिहिलेले डिटेक्टर मांडले.

मी अशाच एका लेझर यंत्राचं सॉफ्टवेअर लिहीत होते. चिपवरच्या लेपावर लेझर पडला की तेवढा लेप धुऊन जातो, आणि उघडा पडलेला थर काढून टाकतात. लेझर पट्ट्यापट्ट्यांनी लिहितो. आमच्या तारा अपेक्षेच्या निम्म्या विजेलाच मान टाकत होत्या. मी बिनधास्त म्हणाले, "धुण्यात खोट आहे." धुणारा नवीनच लागलेला मुलगा. तीन आठवडे तो रसायनं बदलत राहिला, बोलणी खात राहिला.

मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, प्रत्येक चिपवर तार ठरावीक अंतरावरच बारीक होतेय. दोन पट्ट्यांच्या शिवणीवर. हिशेबात मी दशांश छाटले होते. पट्टे एकमेकांवर चढले, प्रकाश दुप्पट पडला, दोन मायक्रॉनची तार तिथे जेमतेम एक उरली. आणि एका जागी बारीक झाली की सगळ्या तारेला तेवढीच वीज झेपते.

रात्री आप्पांना ओझरला फोन केला. आयुष्य एचएएलमध्ये मिगच्या सुट्या भागांवर गेलेलं, त्यांना मापाची गोष्ट आवडेल असं वाटलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मायक्रॉन राहू दे. त्या पोराला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. तो काही बोलला नाही. नवी फाइल मागून घेतली आणि चिप लावली.