शनिवार तेल्यांचे नवगाव



अड्याळहून समुद्र पाहावयास निघायचे म्हणजे सारा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. एवढा खर्च करून गेलेला माणूस अलिबागेस काय पाहतो? ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात चालत जातो, कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला हात जोडतो, फार तर चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहतो. ही वेधशाळा 1904 साली मुंबईच्या कुलाब्याहून तेथे नेली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडल्या असत्या. हे सारे पाहावेच. पण आज आम्ही सांगणार आहोत ते थळच्या पुढे असलेल्या नवगावविषयी. तेथे पाहावयाचे म्हणजे एक जुने कबरस्तान आणि एक स्मारकस्तंभ. पाच मिनिटांत पाहून होते. आमचे मात्र पाच मिनिटांत झाले नाही.

बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी, की फार पूर्वी या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने आणून टाकलेली प्रेते त्यांनी नवगावी पुरली. धर्मग्रंथ बुडाले. आठवणीत राहिले ते थोडे: सुंता, ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवार. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. बोली मराठी झाली, लुगडे मराठी झाले, आडनावे गावांवरून पडली: नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले, शनिवार तेली.

आता घाणा म्हणजे काय, हे जवसाचे तेल खाल्लेल्या या गावाला आम्ही सांगावयास नको. बैल दिवसभर फिरतो आणि माणूस त्याच्या मागे. तो चोवीस तास थांबवायचा, आणि तोही कोणाच्या परवानगीवाचून! युनियनच्या कामात केस पिकलेल्या माणसाला तेथे पहिली आठवण झाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांची. सत्यशोधक लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली. गिरणीमालकांनी ती कबूल केली 10 जून 1890 रोजी. सहा वर्षे गेली. तेल्याला जे आपोआप मिळत होते, त्यासाठी गिरणीवाल्याला सहा वर्षे का लागावीत? केवळ धर्मामुळे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पुरते पटत नाही. गिरणी कामगारालाही देव होता, आणि रविवार हा खंडोबाचाच वार आहे. फरक एवढाच, की घाणा तेल्याचा स्वतःचा होता.

पण येथेही आमचा हिशेब नीट बसत नाही. आपल्या जिल्ह्यात घरी विड्या वळणाऱ्या बायांची सुपे त्यांची स्वतःची, कात्री स्वतःची, बसायची ओसरीही स्वतःची. मग त्यांना सुटी का नाही? कारण पान-तंबाखू दुसऱ्याची आणि मजुरी हजारावर. जेवढा दिवस रिकामा, तेवढे पैसे कमी. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, त्यात साप्ताहिक सुटीही लिहिली गेली. एका बाईला आम्ही हे मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले. तिने विचारले, “भाऊ, त्या दिवशीच्या हजाराचं काय?” आम्ही विषय बदलला. ते आजही सलते.

असो. 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी मासिकही चालविले. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 चे सभास्थान आहे. नवगावास जाताना तेही पाहावे.

आम्ही नवगावी पोचलो तो नेमका शनिवार. मुंबईच्या मोटारींची रस्त्यावर रांग लागलेली. शनिवार-रविवार हा तिकडे पाहुण्यांचा हंगाम. ज्या घरगुती खाणावळीत जेवलो, तेथला वाढपी मुलगा पहाटे पाचपासून उभा होता. आम्ही सवयीने विचारले, “तुझी सुटी कोणत्या वारी?”

तो म्हणाला, “गिऱ्हाईक नसेल त्या वारी.” आणि आमटीचे भांडे घेऊन पुढच्या पंगतीकडे गेला.