उभ्या की आडव्या?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नक्की करतोस काय?" असं कालपासून सात-आठ जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सांगतो. प्लास्टिकच्या पापुद्र्यातल्या कांड्या उभ्या आहेत की आडव्या, हे मी क्ष-किरणांनी तपासतो.

पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए ही दोन प्लास्टिकं एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्या साखळ्या टोकाला टोक जोडल्या, की एका जुवाला जुंपलेल्या न पटणाऱ्या बैलांसारखी त्यांची गत होते. गरम केल्यावर ती आपली आपण मांडणी करतात. प्रमाण जमलं तर पॉलिस्टायरीनमध्ये पीएमएमएच्या कांड्या तयार होतात, एकमेकींपासून साधारण ३० नॅनोमीटरवर. अतिनील किरण आणि ॲसिटिक आम्ल वापरून पीएमएमए काढून टाकलं की चाळणी तयार. पण कांड्या उभ्या असतील तरच! आडव्या असतील तर आरपार भोकच नाही, पाणी गाळणार कुठून?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वरून सुरेख ठिपके दिसले की आमची मुलं खूश होतात. मी मात्र लगेच पेढे वाटू देत नाही. तो फोटो फक्त पृष्ठभागाचा. गरम करताना वरच्या बाजूला दोन्ही प्लास्टिकांचा पृष्ठताण जवळजवळ सारखा असतो, म्हणून तिथे कांड्या उभ्या राहू शकतात. तळाशी मात्र सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइड पीएमएमएला ओढतो आणि त्या आडव्या पडतात.

म्हणून किरण पापुद्र्याला घासून जाईल असा, ०.२ अंशाने सोडायचा. संध्याकाळी सावल्या लांबतात ना, तसा ०.१ मिलिमीटर उंचीचा किरण जवळपास ३ सेंटिमीटर पसरतो. एका दमात अब्जावधी कांड्यांची हजेरी! (आपल्या वर्गाची घ्यायला सरांना दहा मिनिटं लागायची.) ०.१२४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण घेतले, तर ३० नॅनोमीटरची मांडणी ४ मीटर दूरच्या फलकावर मध्यापासून सुमारे १६ मिलिमीटरवर उमटते. कांड्या उभ्या असतील तर डावी-उजवीकडे उभ्या रेघा दिसतात. आडव्या असतील तर वर तिरके ठिपके येतात.

खरी गंमत कोन बदलण्यात आहे. ०.१ अंशावर किरण पापुद्र्यावरूनच परततो आणि वरचे जेमतेम १० नॅनोमीटर दिसतात. ०.२ अंशावर तो तळापर्यंत पोचतो. पहिल्या चित्रात नुसत्या रेघा आणि दुसऱ्यात रेघांबरोबर ते तिरके ठिपके आले, की समजायचं: वर उभ्या, खाली लोळण! असे तीव्र किरण सिंक्रोट्रॉनमधून मिळतात. आपल्याकडे इंदूरला इंडस-२ आहे. तिथली वेळ मागून घ्यावी लागते, त्यामुळे रात्री-अपरात्री जागणं आलंच.

उपायही आहे. त्याच दोन प्लास्टिकांचे घटक सरमिसळ गुंफलेल्या साखळ्यांचा पातळ थर चकतीवर आधी बसवायचा. प्रमाण नेमकं साधलं तर तळाला कोणीच लाडकं उरत नाही आणि कांड्या खालपर्यंत उभ्या राहतात.

दोन्ही चित्रं छापून आणली आहेत. चहाच्या टेबलावर ठेवतो. कुठलं कशाचं, ते तुम्हीच ओळखा.