परसातील मातीविना शेती : चुकांचे अर्थशास्त्र



शेतीतील नवे तंत्रज्ञान म्हटले की यंत्रसामग्री, अनुदान आणि उत्पादनाचे आकडे यांची चर्चा होते. ते तंत्रज्ञान वापरणारा माणूस ते शिकतो कसा आणि त्या शिकण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. घरामागच्या परसात किंवा गच्चीवर केली जाणारी मातीविना शेती या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अतिशय उपयुक्त आहे. येथे प्रयोग लहान असतो, गुंतवणूक घरची असते आणि चूक झाली तर तिचा परिणाम काही दिवसांतच दिसू लागतो.

प्रथम संकल्पना स्पष्ट करणे इष्ट ठरेल. वनस्पतीला लागणारी खनिज अन्नद्रव्ये पाण्यात विरघळवून मातीऐवजी पाणी, खडी, वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा अशा माध्यमात पीक घेणे म्हणजे हायड्रोपोनिक्स. या व्यवस्थेला माशांच्या टाकीची जोड दिली आणि माशांच्या उत्सर्गातून पिकाचे पोषण होऊ लागले, की तिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. पहिल्या पद्धतीत खनिज क्षार विकत आणावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत मुख्य खर्च मत्स्यखाद्याचा असतो आणि भाजीबरोबर मासेही मिळतात. पाणी फिरवून पुन्हा वापरल्यास दोहोंमध्ये पाण्याची मोठी बचत होते.

परसातून प्रयोगशाळेकडे

या विषयाचा आधुनिक इतिहासही एका परसातूनच जातो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिके यांनी १९२९ च्या सुमारास घरच्या परसात खनिज द्रावणावर टोमॅटो वाढवले. ते वेल सुमारे २५ फूट उंच गेले आणि सर्वत्र कुतूहल निर्माण झाले. १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द गेरिके यांनीच प्रचारात आणला. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांनी या दाव्यांची पडताळणी केली. चांगल्या मातीतील उत्पादनाच्या तुलनेत या पद्धतीचे उत्पादन सरस ठरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९३८ मध्ये मांडला. अतिउत्साहाला आवर घालणाऱ्या त्या पुस्तिकेने द्रावणाचे नेमके प्रमाण मात्र सर्वांसाठी खुले केले. होगलँड यांच्या नावाने ओळखले जाणारे ते द्रावण सुधारित स्वरूपात आजही वापरले जाते.

भारतात १९४६ मध्ये तत्कालीन बंगाल सरकारच्या कालिम्पाँग येथील प्रायोगिक शेतावर जे. शोल्टो डग्लस यांनी या दिशेने काम सुरू केले. महागडे पंप आणि गुंतागुंतीची उपकरणे टाळून खडी व वाळूच्या वाफ्यावर मोजून घेतलेले कोरडे क्षार पसरायचे आणि वर पाणी द्यायचे, अशी साधी रीत त्यातून विकसित झाली. ‘बंगाल पद्धती’ या नावाने ती ओळखली गेली. सामान्य कुटुंबाला परवडेल असे तंत्र शोधणे, हा त्यामागील हेतू होता.

माती नसली की चूक लपत नाही

माती ही केवळ अन्नद्रव्यांचा साठा नव्हे, तर चुका सामावून घेणारी व्यवस्थाही आहे. खत थोडे जास्त झाले किंवा पाणी एक दिवस उशिरा मिळाले, तरी माती तो धक्का बऱ्याच अंशी सोसते. पाण्यात हे संरक्षण नसते. म्हणूनच नवशिक्यांच्या चुका पुन्हापुन्हा ठरावीक ठिकाणी होताना दिसतात.

पहिली चूक घाईची असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच विषारी ठरतो. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशांना घातक असते. पुढे नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते वनस्पतीला उपयोगी पडते. हे जिवाणू खडीवर स्थिरावण्यास साधारणतः महिनाभर, थंडीत त्याहून अधिक काळ लागतो. टाकी भरल्याबरोबर सगळे मासे सोडणारा नवशिका काही दिवसांतच मेलेले मासे उचलू लागतो.

दुसरी चूक साहित्याची असते. खडीत चुनखडीचा अंश असेल तर पाण्याचा सामू वाढतो. सामू ७ च्या वर गेला की पाण्यात लोह असूनही पिकाला ते घेणे कठीण जाते. कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खडीवर थोडे व्हिनेगर टाकून फेस येतो का, हे आधी पाहिले असते तर संपूर्ण वाफा उपसण्याची वेळ आली नसती. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असते, हेही अनेकांना नुकसान झाल्यावरच कळते.

तिसरी चूक प्राणवायूच्या हिशेबाची. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. भारतातील उन्हाळ्यात वीज गेली आणि पंप थांबला, तर दाटीने वाढवलेले मासे अल्पावधीत गुदमरतात आणि मुळेही कुजू लागतात.

चौथी चूक प्रमाणाची. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार पालेभाज्यांच्या प्रत्येक चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम आणि फळभाज्यांसाठी ५० ते ८० ग्रॅम मत्स्यखाद्य, असा मेळ बसवावा लागतो. मासे अधिक आणि वाफा लहान असेल तर पाणी बिघडते, उलट असेल तर भाजी उपाशी राहते.

शिकण्याची किंमत

या चुकांचा अर्थशास्त्राशी असलेला संबंध महत्त्वाचा आहे. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ‘कृतीतून शिक्षण’ ही संकल्पना मांडली. उत्पादन करता करता अनुभव साठतो आणि उत्पादकता वाढते, असे तिचे सार आहे. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी १९९५ मध्ये भारतातील हरितक्रांतीच्या काळातील माहितीवरून हाच विषय शेतीच्या संदर्भात तपासला. नवे बियाणे कसे हाताळावे याचे अपुरे ज्ञान हा त्याच्या प्रसारातील मोठा अडथळा होता आणि शेतकऱ्याचा स्वतःचा तसेच शेजाऱ्यांचा अनुभव वाढला तसा तो कमी झाला, असे त्यांना आढळले.

यातून बाह्य लाभाचा मुद्दा पुढे येतो. प्रयोग करणाऱ्याचे नुकसान त्याच्या एकट्याचे असते, पण त्यातून मिळालेला धडा सगळ्या वस्तीच्या उपयोगी पडतो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने आधी करून पाहावे म्हणून थांबतो आणि समाजाला हितकारक असतात त्यापेक्षा कमी प्रयोग होतात. अपयश लपवले गेले तर हानी दुहेरी होते. एका घरात मेलेले मासे पुढच्या घरातही त्याच कारणाने मरतात. बचतीचे पैसे घालून उभा केलेला संच एका हंगामानंतर अडगळीत जातो, तेव्हा दोष तंत्राचा की अपुऱ्या शिकण्याचा, हेही कोणाला कळत नाही.

धोरणाची दिशा

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील लहान पुनर्चक्रीय मत्स्यपालन संचांना साहाय्याची तरतूद करण्यात आली. लाभार्थी-केंद्रित घटकांत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्य असे तिचे सूत्र आहे. अशा अनुदानाने संचाची किंमत कमी होते, पण पहिल्या हंगामातील चुकांची किंमत तशीच राहते. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. १९७४ मध्ये पुदुच्चेरीत त्यांतील पहिले केंद्र सुरू झाले, तेव्हापासून ‘करून शिकणे’ हेच त्यांच्या कामाचे सूत्र राहिले आहे. पाण्याची तपासणी, स्थानिक खडी व पाण्याचे गुणधर्म आणि फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी या केंद्रांतून खुलेपणाने उपलब्ध झाल्या, तर प्रत्येक कुटुंबाला तीच फी नव्याने भरावी लागणार नाही.

कुटुंबाच्या पातळीवरही मार्ग साधा आहे. एका लहान टाकीपासून आणि पालेभाजीपासून प्रारंभ करावा. एका वेळी एकच बदल करावा. सामू, तापमान, दिलेले खाद्य आणि मेलेले मासे यांची रोज नोंद ठेवावी. पहिल्या हंगामातील भाजी बाजारातील भाजीपेक्षा महाग पडेल. तो फरक शिक्षणावरील खर्च म्हणून वेगळा लिहावा आणि दुसऱ्या हंगामात तो किती घटला हे पाहूनच विस्ताराचा निर्णय घ्यावा. मातीविना शेती देशाचा अन्नप्रश्न एकट्याने सोडवणार नाही. गहू, तांदूळ आणि डाळी मातीतच पिकणार आहेत. परंतु नवे ज्ञान घरोघरी कसे रुजते, ते कोठे अडते आणि त्यासाठी शासनाने कशाचा भार उचलायला हवा, हे विकासाच्या अभ्यासकाला परसातील एका टाकीवरूनही नीट समजू शकते.