पातळ पत्र्याचे कसब

इंधनघटाचा विषय निघाला की बोलणे होते ते हायड्रोजनचे आणि प्लॅटिनमचे. वजनाचा हिशेब मांडला की मात्र मोठा वाटा निघतो दोन घटांमधल्या बायपोलर प्लेटचा. चालू घटातून साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टच मिळतात, म्हणून शेकडो घट एकावर एक रचावे लागतात. 2020 साली आलेल्या टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिराई मोटारीत ते 330 आहेत. प्लेटने एका अंगाने हायड्रोजन, दुसऱ्या अंगाने हवा खेळवायची, पोटातून थंड करणारे द्रव न्यायचे आणि वीजही पुढे पोहोचवायची. ती हलकी करायची तर हलका पदार्थ घ्या, असे सहज सुचते. पण ग्रॅफाइटची घनता दोनच्या आसपास आणि पोलादाची आठ असूनही पोलादी प्लेटच हलकी भरते. ग्रॅफाइट ठिसूळ, त्याला सहसा दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते. वायूचे चर वजा न करता चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.4 ग्रॅम. पोलादाचे 0.1 मिलिमीटरचे दोन पत्रे जोडले तर 0.16 ग्रॅम. पुण्याच्या केपीआयटीने सीएसआयआरच्या प्रयोगशाळांबरोबर केलेल्या हायड्रोजन मोटारीची चाचणी 2020 मध्ये जाहीर झाली, तेव्हाही अतिपातळ धातूच्या प्लेटांमुळे घटांच्या संचाचे वजन सुमारे दोन तृतीयांशाने घटल्याचे सांगितले गेले.

म्हणून माझ्या मते प्लेट हलकी करण्याचा प्रश्न जितका रसायनशाळेचा, तितकाच डाय म्हणजे दाबायचा साचा बनवणाऱ्याचा आहे. इतक्या पातळ पत्र्यात अर्धा मिलिमीटर खोलीच्या पन्हळी उठवताना कोपऱ्यांवर धातू ताणून आणखी पातळ होतो आणि तिथेच चिरतो. पत्र्याच्या जाडीत धातूचे मोजकेच स्फटिककण मावतात, त्यामुळे जाड पत्र्यावरचे ठोकताळे इथे नेमके लागू पडत नाहीत. शिवाय दाब काढला की पत्रा थोडा मागे उसळतो. एका प्लेटमध्ये दहा मायक्रॉनची चूक एकाच दिशेने राहिली, तर 330 घटांत ती 3.3 मिलिमीटर होते. मग कुठे दाब कमी पडून रोध वाढतो, कुठे वायू गळतो. आणि घट एकसरीत असल्याने एकाचे दुखणे सगळ्यांना भोवते. पाण्याच्या दाबाने पत्रा साच्यात बसवला तर ताण सारखा पसरतो, साच्याचा एकच अर्धा भाग पुरतो. पण वेग डायच्या दोन अर्ध्यांत पत्रा दाबणाऱ्या प्रेसचाच जास्त. लाखो प्लेटा काढणारा कारखाना या तडजोडीतून सुटत नाही.

कोणी विचारील, मग ॲल्युमिनियम का नको? त्याची घनता 2.7 आहे खरी, पण घटातल्या आम्लट, 80 अंशांच्या दमट हवेत वरच्या संरक्षक लेपाला सुईएवढे छिद्र पडले तरी ते झिजते आणि त्याचे आयन घटाच्या मधल्या पडद्यात शिरतात. ताणायच्या बाबतीतही 316एल जातीचे स्टेनलेस पोलाद त्याहून सरस. टायटॅनियम टोयोटाने वापरले. ते गंजाला दाद देत नाही, पण महाग आहे आणि पोलादापेक्षा जास्त मागे उसळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पोलादावरचा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, मग खरे काम लेपाचेच नाही का? लेप हवाच. मात्र आधी लेप देऊन मग दाबले तर तो वाकणीवर तडकू शकतो. आधी दाबून मग दिला तर पन्हळीच्या तळापर्यंत सारखा पोहोचवणे अवघड. पन्हळीचा कोपरा किती गोल ठेवायचा हे ठरवताना लेपवाल्यालाही डायवाल्याशेजारी बसावेच लागते.